घागरींची रांग, चार पानं : कॉमिक शिकणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात मी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात कॉमिक आर्टचं एक वर्षाचं मास्टर्स केलं त्याबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. बहुतेक पत्रं आपल्या मराठवाड्यातली आहेत अन् मला त्याचा फार आनंद झालाय.

प्रश्न : ताई, मी बीडची, आत्ताच बारावी झाली. कॉमिकचा पण कोर्स असतो हे तुमच्यामुळंच कळलं. वर्षभर तिथं काय करतात, नुसतं ड्रॉइंगच का? (एक विद्यार्थिनी, बीड)

नुसतं ड्रॉइंग नाही गं, अन् हे मला पण तिथं गेल्यावरच कळलं. आधी एक सांगते, हे काही हौसेचे क्लास नाहीत. जपानमध्ये क्योटो सेइका विद्यापीठात २००६ पासून मांगाची, म्हणजे जपानी कॉमिकची, स्वतंत्र फॅकल्टी आहे, स्कॉटलंडमध्ये डंडी विद्यापीठानं कॉमिक्सचं मास्टर्स सुरू केलं, अन् ते शहर म्हणजे १९३७ चं 'डँडी' आणि १९३८ चं 'बीनो' ही लेकरांची कॉमिकं जिथून निघाली ते.

आमचा पहिला प्रोजेक्ट होता एका पानाची स्क्रिप्ट, सगळ्यांना तीच. आठवड्यानं सगळी पानं भिंतीला लावली तर एकाचं दुसऱ्यासारखं नाही, कुणी तो प्रसंग चार चौकटींत संपवला कुणी अकरा चौकटी केल्या, अन् मग सरांनी चित्र कसं आलंय ते विचारलंच नाही, विचारलं की डोळा आधी कुठं जातो अन् मग कुठं. त्यानंतर रोज एक डायरी स्ट्रिप, म्हणजे त्या दिवसाची गोष्ट दोन-चार चौकटींत, महिनाभर, ताप असला तरी. एकदा २४ तासांत २४ पानांचं कॉमिक पण केलं, ही कल्पना स्कॉट मॅक्क्लाउड या अमेरिकन चित्रकाराची, १९९० ची. पहाटे चारला हात चालत नाही, तेव्हा आपण फालतू रेघा मारायचं आपोआप बंद करतो.

पण मी सगळ्यात जास्त शिकले ते मुक्या कॉमिकमधून. चार पानं, एकही शब्द नाही. मी गोष्ट घेतली २०१६ च्या उन्हाळ्यातली, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. आमच्या गावात टँकर रात्री-बेरात्री यायचा म्हणून बायका संध्याकाळीच घागरी रांगेत मांडून ठेवायच्या, कुणी कळशीला चिंधी बांधायची कुणी आत दगड टाकायची म्हणजे नंबर जायला नको. मी पहिल्याच पानावर ती रांग काढली, पानभर, दोन दिवस शेडिंग करत बसले. भिंतीला लावली अन् वर्गात विचारलं काय दिसतंय, तर एक मुलगी म्हणाली भांड्यांचा बाजार भरलाय, बायका विकायला बसल्यात.

मला रडूच यायचं बाकी राहिलं. पण तिचं काहीच चुकलं नव्हतं, घागरींची रांग दिसली की आपल्याला आपोआप कळतं, तिच्या घरी नळाला कायम पाणी. मग मी ते मोठं चित्र निम्मं कापलं अन् आधी तीन बारके पॅनल, म्हणजे चौकटी, टाकले : हापशाच्या दांड्यावर हात, हापशाखालचं कोरडं सिमेंट, कळशीच्या गळ्याला चिंधी बांधणारी बोटं. त्याच मुलीला परत दाखवलं अन् तिनं सगळं बरोबर वाचलं, मी तोंड उघडलं नव्हतं. दोन दिवसांचं शेडिंग कापून टाकायला लागलं त्याचं वाईट वाटलं, पण आज कुणी विचारलं की कोर्समध्ये काय शिकलीस तर मी ते तीन पॅनलच दाखवते.

प्रश्न : मॅडम, मी लातूरला शिक्षक आहे. आमच्या गल्लीतली सगळी लेकरं नीटच्या क्लासला, माझी मुलगी म्हणते मी कॉमिक काढणार. इंटरमिजिएटला तिला ए ग्रेड आहे. यावर पोट भरेल का? (एक वडील, लातूर)

सर, तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळच सांगते. मराठीत कॉमिक काढायला दर महिन्याला पगार देणारी नोकरी जवळपास नाहीच. पण कॉमिक शिकलेल्या माणसाला स्टोरीबोर्ड (शूटिंगच्या आधी प्रसंगांची काढतात ती चित्रं) जमतो, पुस्तकांची चित्रं जमतात, ॲनिमेशनचं काम मिळतं, आरोग्याच्या शेतीच्या माहिती पुस्तिका करता येतात. माझं घर आजही पुस्तकांची चित्रं अन् स्टोरीबोर्ड यावरच चालतं, कॉमिक त्यातून वेळ काढून होतं.

लगेच कर्ज काढून बाहेर पाठवू नका. आधी तिला इथं बीएफए, म्हणजे कलेची पदवी, करू द्या, चार वर्षांचा कोर्स आहे, बारावीनंतर कलेची सीईटी द्यायला लागते, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहेच. तोवर तिची पंचवीस-तीस पानं पूर्ण झाली पाहिजेत, नुसती सुरू केलेली नाही, *पूर्ण* झालेली. बाहेरचं मास्टर्स करायचं तर पोर्टफोलिओत हेच बघतात. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्यात विद्यापीठाचं जागतिक रँकिंग बघितलं जातं, म्हणून त्या वर्षीची जाहिरात शब्द न् शब्द वाचा. आणि सर, एक विनंती, तिची वही एकदा बसून वाचा. चित्रं छान आहेत असं म्हणू नका, गोष्ट कळली का ते सांगा, तिला तेच लागतंय.

प्रश्न : बीएफएला आहे. मराठी डायलॉग टाकले की बोलण्याचा फुगा भरून जातो, चित्र झाकतं, वेलांट्या कडेला घासतात. इंग्लिश कॉमिकमध्ये असं का होत नाही? (एक विद्यार्थी, नांदेड)

कारण इंग्लिश कॉमिकचं लेटरिंग बहुतेक सगळं कॅपिटलमध्ये असतं, सगळी अक्षरं एका उंचीची, ओळीला ओळ चिकटवली तरी चालतं. आपल्या अक्षराला शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, अन् खाली उकार, म्हणजे दोन ओळींत जागा सोडावीच लागते. तिकडच्या पुस्तकातला फुगा कॉपी केलास तर तो आपल्याला बारकाच पडणार. म्हणून उलटं कर. आधी पेन्सिलनं डायलॉग लिही, त्याभोवती फुगा काढ, अन् उरलेल्या जागेत चित्र. मी आजही असंच करते. एका फुग्यात बारा-पंधरा शब्दांच्या वर गेलं की वाक्य तोड नाहीतर पॅनल वाढव.

अन् शक्यतो हातानंच लिही रे. कॉम्प्युटरवर करायचंच असेल तर युनिकोड फॉन्ट घे, फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगला जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू कर, नाहीतर पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते अन् जोडाक्षरं तुटतात. पान एथ्रीवर काढून एफोर करायचं तर झेरॉक्सवाल्याला ७१ टक्के सांगायचं. छोटं झाल्यावर वाचता येतंय का हे शाईनं पक्कं करायच्या *आधी* बघ.

प्रश्न : आम्ही सहा जणांनी मिळून ३२ पानांचा अंक ठरवला, दोघं पानंच देत नाहीत. मैत्री पण तुटायला आलीय. (छत्रपती संभाजीनगर)

आमच्याकडं पण ग्रुप प्रोजेक्टला हेच झालं होतं. तुमच्यातल्या एकानं चित्र काढायचं नाही, फक्त एडिटर व्हायचं, तारखा त्याच्याकडं, अन् पहिली तारीख फायनल पानांची ठेवायचीच नाही, थंबनेलची, म्हणजे पानाच्या बारक्या कच्च्या चित्राची, ठेवायची. ज्याचं थंबनेल आलं नाही त्याचं पान येणार नाही हे तेव्हाच समजतं. मग पानं कमी करा. घडी घालून मधून पिन मारायची तर एका कागदाची चार पानं होतात, म्हणून ३२ चे २८ करा नाहीतर २४, ३० करून जमत नाही. त्या दोघांना पुढच्या अंकात घ्या अन् भांडण इथंच सोडा.

प्रश्न : आम्ही मांगा वाचून मोठे झालो. आपल्या गोष्टी आपल्या स्टाइलमध्ये कशा काढायच्या? (परभणी)

मांगा सोडू नका, पण एक दिवस काढून अजिंठ्याला जा अन् १७ नंबरच्या लेणीत भिंतीसमोर उभं राहा. जातककथा आहेत, चौकटी कुठंच नाहीत, एकच माणूस त्याच भिंतीवर परत परत येतो, एका जागी घडलेलं सगळं एकत्र काढलेलं, मग आधी घडलेलं असो की नंतर. वेरूळला कैलास लेण्यात महाभारत अन् रामायण दगडात ओळीओळींनी कोरलंय, म्हणजे कॉमिकच्या पानाची मांडणीच म्हणा ना. आम्हाला वर्गात कॉमिकचा इतिहास एकोणिसाव्या शतकातल्या स्विस व्यंगचित्रकार रोडॉल्फ टॉफरपासून शिकवला, मला शेवटच्या बाकावर १७ नंबरची भिंत आठवत होती, पुढच्या तासाला मी तिचे फोटो नेले अन् सगळा तास त्याच्यावरच गेला. पैठणच्या नावानं ओळखली जाणारी चित्रकथी पण बघा, एकेक चित्र पुढं धरून गोष्ट सांगायची, पान उलटावं तसं.

आणि 'भीमायन' हे बाबासाहेबांवरचं कॉमिक मिळवून वाचा, २०११ चं आहे, दुर्गाबाई व्याम अन् सुभाष व्याम यांनी परधान गोंड या आदिवासी शैलीत काढलंय. सरळ रेघेच्या चौकटी नाहीत, प्रेमानं बोललेल्या शब्दांचा फुगा पक्ष्यासारखा अन् विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी. बाबासाहेबांना दौलताबादच्या किल्ल्यावर पाण्यावरून जे सोसावं लागलं ते त्यात आहे, आपल्या अंगणातली गोष्ट.

प्रश्न : मला हात येत नाहीत. माझ्या कॉमिकमधल्या सगळ्यांचे हात खिशात असतात. (उदगीर)

रोज स्वतःचा डावा हात काढ, पाच मिनिटं, खोडरबर न घेता. मोकळा हात अवघड जातो, म्हणून आधी चहाचा कप धरलेला काढ, कप असला की बोटांनी कुठं जायचं ते दिसतं.