७०-२०० एफ/२.८ घ्यायची का, आणि कुठली

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा: बॉडी कॅनन ८०डी, हाताशी ५५-२५० मिलिमीटरची झूम लेन्स, आणि आता ७०-२०० एफ/२.८ लेन्स घ्यावी का (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). चोपडा-यावल पट्ट्यातली लग्नं करतोस, डिसेंबरात सारंगखेड्याला घोडे काढायला जायचंय, जमलं तर पक्षीही. बजेट लाखाच्या आत. टॅमरॉनसारख्या बाहेरच्या कंपनीची नवी घ्यावी की कॅननची जुनी? तुझ्या प्रश्नाखाली सगळ्यांनी आपापल्या लेन्सचं नाव लिहून टाकलंय. पण तुझ्या तीन कामांपैकी २.८ खरोखर एकालाच लागते, ते आधी बघू.

ते काम म्हणजे हळद. रात्रीचे नऊ वाजलेत, अंगणात मांडव, एका कोपऱ्यात पिवळा एलईडी फोकस आणि बाकी अंधार. ५५-२५० ओढून २५० वर नेलीस की अॅपर्चर ५.६ ला येऊन बसतं. आयएसओ (सेन्सरची उजेड पकडायची ताकद) ६४०० करूनही शटर मिळतो १/६० सेकंद. नवरीचा चेहरा एखाद्या वेळी येईल, पण गालाला हळद फासणाऱ्या मावशीचा हात म्हणजे नुसता पिवळा फराटा. २.८ वर तोच आयएसओ ठेवून शटर १/२५० च्या आसपास जातो, कारण ५.६ पेक्षा चौपट उजेड आत येतो. इथे 'माझ्या लेन्सला स्टॅबिलायझर आहे ना' म्हणून उपयोग नाही. तो तुझा हात सावरतो, मावशीचा नाही.

म्हणजे २.८ चे पैसे मोजायचे ते उजेडासाठी. लांबीसाठी (लांबचं जवळ ओढण्यासाठी) नाही, लांबी तर तुझ्याकडे आज २५० ची आहे.

आता सारंगखेडा. दत्तजयंतीची यात्रा, थंडीतलं स्वच्छ ऊन, तापीकाठची धूळ. रेवाल चालीचा घोडा समोरून गेला तर १/१००० शटर हवा, आणि सकाळच्या उन्हात तो ५.६ वरही आरामात मिळतो. २.८ चा फायदा एवढाच की मागचे टेम्पो, ताडपत्र्या आणि मोबाईल धरलेले हात विरघळून जातात. फायदा खरा आहे, पण त्यासाठी लाख रुपये घालू नकोस. मी स्वतः तिथे बहुतेक वेळा एफ/४ वरच असतो. पॅनिंग, म्हणजे घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो, करायचं असेल तर शटर १/६० आणि स्टॅबिलायझर मोड २ वर. मोड १ वर राहिला तर तो तुझं आडवं फिरवणंही हातथरथर समजून रोखायला जातो.

पक्ष्यांचं तर विसरच. हतनूर धरणाच्या फुगवट्यावरची बदकं २०० मिलिमीटरला ठिपके दिसतात. आपल्या सातपुड्यातला रानपिंगळा, जो शंभरावर वर्षं कुणाला खात्रीने दिसला नव्हता, नामशेष झाला असं समजत होते आणि १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो जेमतेम वीतभर उंचीचा. लांबी वाढवणारा १.४ चा कन्व्हर्टर लावून २८० होतील आणि एक स्टॉप, म्हणजे अर्धा उजेड जाईल. तरी पिंगळा झाडाच्या ढोलीतच राहील. पक्षी काढायचे असतील तर १५०-६०० ची लेन्स वेगळी, पुढच्या वर्षी. आणि एप्रिल-मेच्या दुपारी लांबचं काही काढून लेन्सला शिव्या देऊ नकोस. आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकला की शेतावरची हवाच थरथरते, त्यातून कुठल्याच काचेने कडक (एकदम स्पष्ट) फोटो येत नाही. (कॅननच्या मोठ्या लेन्सा पांढऱ्या असतात त्या दिखाव्यासाठी नव्हे, ऊन परतवून आतल्या काचा कमी तापाव्यात म्हणून. लग्नात पोरं मात्र त्या रंगावरच भाव ठरवतात.)

एक अडचण तुझ्या लक्षात आली नसेल. ८०डी चा सेन्सर क्रॉप, म्हणजे लहान आहे, त्यामुळे चौकटीत कमी मावतं. ७० वर चार मीटरवरून जेमतेम सव्वा मीटर रुंदीचं मावतं. घरच्या ओसरीवर नवरी आणि शेजारी बसलेली करवली, दोघी चौकटीत घ्यायच्या तर तू भिंतीत शिरशील. म्हणून आधी एक काम कर. मागच्या पाच लग्नांतले गिऱ्हाइकाला दिलेले फोटो कॉम्प्युटरवर उघड आणि फोकल लेंथ (किती मिलिमीटरवर काढला तो आकडा) बघत जा. बरेचसे ५५ ते १०० च्या मध्ये निघाले तर ८५ एफ/१.८ घे. सव्वाचारशे ग्रॅमची आहे, २.८ पेक्षाही जास्त उजेड देते आणि उरलेल्या पैशात एक चांगला फ्लॅश येतो. १३५ च्या पुढचे फोटो खूप असतील, म्हणजे स्टेजपासून लांब उभं राहून मंगलाष्टकं आणि वरातीतले चेहरे टिपायची तुझी पद्धत असेल, तर मग ७०-२०० ला पर्याय नाही.

आणि घ्यायचीच तर माझं मत कॅननच्या ईएफ ७०-२०० एफ/२.८ आयएस (आयएस म्हणजे स्टॅबिलायझर) दुसऱ्या आवृत्तीला, जुनी. ती २०१० ची. २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत काचांची मांडणी तीच आहे, फक्त वरचं कोटिंग बदललं; त्यासाठी जादा पैसे मोजू नकोस. उद्या मिररलेस (आतला आरसा नसलेली) बॉडी घेतलीस तरी अॅडॉप्टर लावून ही लेन्स उत्तम चालते. बिल-वॉरंटीशिवाय झोप लागत नसेल तर टॅमरॉनची ७०-२०० जी२ नवी मिळते का बघ, तीही चांगली आहे. बाजारात स्वस्तात 'सेम टू सेम' म्हणून विना-आयएसची जुनी २.८ किंवा एफ/४ गळ्यात मारतात, तेव्हा लेन्सवरचं नाव अक्षर अक्षर वाच.

जुनी घेताना मी कसा फसलो ते सांगतो. विकणारा गाडीने जाणार होता, भुसावळला गाडी थोडा वेळ थांबते, तिथेच भेटायचं ठरलं. प्लॅटफॉर्मवर मी लेन्स लावली, चहावाल्याचे चार फोटो काढले, स्क्रीनवर झकास दिसले. पैसे दिले, गाडी सुटली. घरी येऊन भिंतीवर वर्तमानपत्र ताणून चिकटवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर सरळ समोर ठेवला आणि २.८ वर काढलं. उजवीकडची अक्षरं कडक, डावीकडची पुसट. लेन्स कधीतरी पडली होती, आतली काच कलली होती. दुरुस्तीला गेलेल्या पैशाचा आकडा घरी अजून सांगितलेला नाही.

तेव्हा घाई नको. दिवसाउजेडी, बसून बघ. पुढचं-मागचं झाकण काढून मोबाईलचा टॉर्च तिरका मार. धुळीचे चार कण सगळ्यांतच असतात, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की ती बुरशी, तिथून उठायचं. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही, मागच्या काचेवरचा दिसू शकतो. फिल्टरच्या कड्याला चेप असेल तर ती पडलेली आहे. माउंटच्या (लेन्स बॉडीला बसते त्या कड्याच्या) स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील तर कुणीतरी उघडलेली आहे. झूमची रिंग फिरवताना कचकच आली तर वाळू शिरली आहे. जवळून लांब, लांबून जवळ असा दहा वेळा फोकस करून बघ, अडखळता कामा नये. शटर अर्धा दाबल्यावर स्टॅबिलायझरची बारीक घरघर येते ती चालेल, पण चित्र स्थिर व्हायच्या ऐवजी उड्या मारायला लागलं तर नको.

आणखी एक. व्ह्यूफाइंडरमधून फोटो जरा मऊ (पुसट) आला म्हणून लगेच लेन्स नाकारू नकोस. तोच फोटो लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत फोकस करून काढ. तिथे कडक आला तर काच ठीक आहे, फोकसचा फरक तेवढा आहे आणि तो ८०डी च्या मेनूतल्या मायक्रोअॅडजस्टमेंटने घरबसल्या दुरुस्त होतो.

घेतल्यावर सगळंच २.८ वर काढायची खाज सुटते, मलाही सुटली होती. तुझ्या बॉडीवर २०० ला, पाच मीटरवरून, जेमतेम साडेसहा सेंटीमीटर खोली फोकसमध्ये असते. नवरीचा डोळा कडक आणि कानातलं धुरकट. वरमाला घालताना दोघं पुढेमागे असतात, तिथे सरळ ४ वर जा. एका कुटुंबाच्या ग्रुप फोटोत माझी मागची अख्खी रांग गेली, आणि त्या रांगेत नवरदेवाचे आजोबा होते.

वजनाचंही बघ. लेन्स दीड किलो, बॉडी पाऊण किलो. पट्टा बॉडीला न अडकवता लेन्सच्या कॉलरला (ट्रायपॉडवर बसवायच्या कड्याला) लाव, नाहीतर माउंटवर ताण येतो. पहिल्यांदा गावात घेऊन गेलो तर पारावरचे एक बाबा म्हणाले, 'काय भो, तोफ लई उना का?' (तोफ घेऊन आलास का?) वरात संपेपर्यंत मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

पुढच्या तिथीला एखादं लग्न असेल तर आधी एका रात्रीपुरती भाड्याने घेऊन बघ. नाहीतर जळगावला ये, माझी लेन्स लावून बघ तुझ्या बॉडीला आणि संध्याकाळी मेहरूण तलावावर फिरू. कार्ड रिकामं करून आण.