५ लाखांची उधारी, १४ लाखांचं किट

मालवण तालुक्यातले एक वाचक लिहितात. वय ३६, व्यवसाय लोकेशन साउंड रेकॉर्डिस्ट, म्हणजे शूटिंगच्या जागी आवाज टिपणारे. मुंबईत काही वर्षं बूम ऑपरेटर होते, म्हणजे लांब दांडीवरचा माइक धरणारे, मग स्वतः आवाजाच्या मिक्सरवर बसायला लागले. लॉकडाऊननंतर गावी परतले आणि आता सिंधुदुर्गात नि गोव्यात होणाऱ्या मालिका, वेब सिरीज, जाहिराती यांची कामं घेतात. त्यांचं पत्र थोडं कापून देते:

“मॅडम, स्वतःचं किट घ्यायचं जवळजवळ ठरवलंय, फक्त एकदा तुमच्याकडून ऐकायचं आहे. कोटेशन १४ लाखांचं आहे. साउंड डिव्हाइसेसचा ८३३ रेकॉर्डर, लेक्ट्रोसॉनिक्सचे चार वायरलेस सेट, सेनहायझरचे ४१६ आणि एमकेएच ५० हे माइक, सँकेनचे कपड्यांना लावायचे लेपल माइक, बूम, टाइमकोड, बॅगा, सगळं धरून. बँक ९ लाख देते, १३ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता साडेवीस हजार. वरच्या ५ लाखांची चिंता नाही, कारण माझं ५ लाख २० हजारांचं येणं बाकी आहे. पैशे येतले, त्याची काळजी नाय. तोवर आईची एफडी मोडतो. सध्या अंधेरीहून किट मागवतो, दिवसाला ४,५०० भाडं पडतं. स्वतःचं असलं की ६,००० लावीन आणि वर्षाला १८० दिवस काम मिळेल. म्हणजे दीड वर्षाच्या आत किट फिटतं. बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे घरखर्चाची ओढाताण नाही. बँकेतल्या मॅडमनी कर्जासोबत एक पॉलिसी घ्यायला लावली, तिचा १ लाखाचा पहिला हप्ता मागच्या आठवड्यात गेला. सात वर्षं भरायचे, बाराव्या वर्षी साडेदहा लाख. त्यातून पुढचं किट येईल. तर किट घ्यावं ना?”

पॉलिसीचं उत्तर पत्र मिळालं त्याच दिवशी ईमेलने कळवलं, कारण तिथे मुदतीचा प्रश्न होता. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडी किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात. परत करा. ७ लाख भरून बाराव्या वर्षी साडेदहा लाख म्हणजे वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. एकीकडे १३ टक्क्यांनी कर्ज घ्यायचं आणि दुसरीकडे साडेचार टक्क्यांवर पैसे अडकवायचे, याला पुढच्या किटची तरतूद म्हणत नाहीत. कर्ज हवं असेल तर पॉलिसी घ्याच, अशी अट बँकेला घालता येत नाही. तशी ती घातली गेली असेल तर शाखाधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करा. लेखी विचारलं की अट बहुतेक वेळा आपोआप नाहीशी होते. विमा हवाच, पण तो टर्म इन्शुरन्स. तुमच्या वयाला १ कोटीचं कवच या हप्त्याच्या छोट्याशा भागात येतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही लागत नाही. हा विषय इथे संपला.

आता तुम्ही जे विचारलेलंच नाही, त्याकडे येते.

तुम्ही पत्रासोबत गेल्या आर्थिक वर्षातल्या बिलांची यादी जोडलीत, हे फार बरं केलंत. यादीप्रमाणे कामाचे दिवस ११०. तुमचा मेहनताना दिवसाला ७,००० म्हणजे वर्षाचे ७.७ लाख. त्याच बिलांत किटचं भाडं दिवसाला ४,५००, म्हणजे सुमारे ५ लाख. एकूण बिलं १२.७ लाखांची. त्यातले हातात आले ७.५ लाख आणि बाकी राहिले ५.२ लाख. पण अंधेरीच्या भाडेवाल्याला तुम्ही प्रत्येक वेळी किट उचलतानाच पैसे दिलेत, ५ लाखच्या ५ लाख. वर कोकणकन्येने किट आणणं-नेणं आणि सोबतच्या माणसाचं तिकीट-भत्ता मिळून ५० हजार. आता वजाबाकी करा. साडेसातातून साडेपाच गेले, राहिले २ लाख.

११० दिवसांचे २ लाख म्हणजे दिवसाला १,८००. मिक्सरवर बसणाऱ्या माणसाची ही खरी कमाई. सेटवरचा तुमचा बूम ऑपरेटर यापेक्षा जास्त घेऊन घरी जात असेल, आणि त्याचे पैसेही बहुधा तुम्हीच दिले असतील. हे तुमच्या लक्षात आलं नाही, कारण घर शिक्षिकेच्या पगारावर चालतं. ओढाताण नाही असं तुम्ही लिहिता. ती आहे, फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी पगारात जिरते आहे.

म्हणजे निर्मात्याला तुम्ही आवाज तर देताच, शिवाय यंत्राचं भाडं स्वतःच्या खिशातून भरून तेही त्याला उधार देता, बिनव्याजी आणि बिनमुदतीने. आंब्याच्या पेट्या वाशीला पाठवणारा बागायतदारसुद्धा एवढा उदार नसतो. दलाल निदान विक्रीच्या हिशेबाची पट्टी तरी पाठवतो.

बाकीच्या ५.२ लाखांत नेमकं काय आहे तेही यादीत दिसतं. १.६ लाख एका मालिकेचे, तीन महिन्यांच्या आतले. टीव्हीत ९० दिवसांची रीत आहे, ते येतील. ९० हजार जाहिरातीचे, मधल्या कोऑर्डिनेटरकडे अडकलेले. अर्धे आले तरी नशीब. २.१ लाख त्या वेब सिरीजचे, जिला अकरा महिने झाले आणि जिचा निर्माता आता फोन उचलत नाही. ६० हजार मित्राच्या शॉर्ट फिल्मचे. ते गेले असं समजा, मैत्री राहील. म्हणजे ज्याला तुम्ही ५ लाखांची सोय म्हणता, ती दोन-सव्वादोन लाखांची आहे, आणि तीही कधी येईल याची तारीख नाही. या भरवशावर आईची एफडी मोडायची नाही. त्यांच्या वयाला ते ५ लाख म्हणजे दवाखान्याचे पैसे आहेत. निर्मात्याने तुमचे पैसे दिले नाहीत म्हणून आईने किटचे पैसे भरायचे, हा हिशेब मला पटत नाही.

किट घेतल्याने हे दुखणं बरं होईल का? थोडं होईल, आणि म्हणूनच तुम्हाला ते इतकं पटतंय. भाडेवाल्याचे ५ लाख वाचतील; त्याजागी हप्त्याचे वर्षाला अडीच लाख आणि विमा, बॅटऱ्या, केबल, दुरुस्ती यांचे साठ-सत्तर हजार जातील. वसुली गेल्या वर्षीसारखीच राहिली, म्हणजे शंभरातले साठ, तर हातात राहतील साधारण ४.४ लाख. दोनावरून साडेचारावर. छान वाटतं.

पण दुसरा रस्ता बघा. किट भाड्याचंच, मात्र भाडं निर्मात्याने थेट भाडेवाल्याला द्यायचं आणि वाहतूकही त्याच्याच खर्चाने. तुमचं बिल फक्त मेहनतान्याचं, ७.७ लाखांचं. त्याच रडक्या वसुलीने हातात येतात ४.६ लाख. कर्ज नाही, हप्ता नाही, आईची एफडी जागच्या जागी. शूटिंगचा खर्च सांभाळणारा लाइन प्रोड्युसर कुरकुरेल, पण लांबच्या शेड्युलला कॅमेरा आणि लाइट असेच येतात, साउंडनेच काय पाप केलंय? भाडेवाल्यांना वसुली जमते, तो त्यांचा धंदाच आहे. अगदीच कुणी ऐकलं नाही, तर भाड्याची आणि वाहतुकीची पूर्ण रक्कम आगाऊ घ्यायची. ती जमा झाल्याशिवाय किट अंधेरीहून हलवायचं नाही.

पाच वर्षांनी किट तुमचं राहील, हे खरं. तेव्हा त्याचं काय येईल तेही धरू. प्राप्तिकरात यंत्रांवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. त्या हिशेबाने १४ लाखांचे पाच वर्षांनी सहा-सव्वासहा लाख उरतात. बाजारात माइकला याहून बरा भाव येतो, वायरलेसला बराच कमी. शिवाय तुमच्या १४ लाखांत २ लाखांहून अधिक जीएसटी आहे. विक्रेत्याने “तो परत मिळतो” म्हटलं असेल तर ते तुम्हाला लागू नाही, कारण तुमची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि नोंदणी नाही. आपणहून नोंदणी करता येते, पण मग प्रत्येक बिलावर १८ टक्के लावायचे आणि निर्मात्याने पैसे दिले नसले तरी कर मुदतीत भरायचा. तुमच्या वसुलीच्या तऱ्हेवर तो निखारा पदरात घेऊ नका.

१८० दिवसांबद्दल एवढंच म्हणते: जूनच्या पहिल्या पावसापासून गणपतीपर्यंत तुमच्याकडे बाहेरची शूटिंगं किती होतात, हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. यादीत त्या काळातले दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. आणि ६,००० भाव कोण देणार? सध्याचे ४,५०० देणारेच वेळेवर देत नाहीत.

तरी हात रिकामे ठेवा असं मी म्हणत नाही. या व्यवसायातले माझे काही अशील आहेत. त्यांच्यातले जे टिकले, त्यांनी आधी टिकणाऱ्या वस्तू घेतल्या आणि लवकर जुन्या होणाऱ्या भाड्याने चालवल्या. माइक टिकतो. ४१६ तर १९७० च्या दशकापासून बाजारात आहे आणि आजही सेटवर दिसतो. तुमच्या हवेत त्याचा आणखी एक फायदा आहे. तो ज्या एमकेएच मालिकेतला आहे, तिच्यातले माइक रेडिओ फ्रिक्वेन्सी कंडेन्सर पद्धतीचे आहेत, त्यामुळे दमट हवेत ते नेहमीच्या कंडेन्सर माइकसारखे पटकन चरचरायला लागत नाहीत. चांगला बूम पोल, रायकोटचं विंडशील्ड, दोन चांगले लेपल, हेडफोन, ओल न धरणारं कपाट. हे सगळं हळूहळू, वापरलेलं चालेल, दोन-अडीच लाखांत उभं राहतं, आणि त्याचं दिवसाचं छोटं भाडं तुम्ही बिलात लावू शकता.

रेकॉर्डर आणि वायरलेस मात्र भाड्यानेच. रेकॉर्डरची नवी पिढी आली की निर्माते तिचंच नाव घेतात. ३२ बिट फ्लोट हा रेकॉर्डिंगचा नवा प्रकार आल्यापासून हे झालेलं तुम्ही पाहिलंय. वायरलेस ज्या रेडिओ लहरींवर चालतो, त्या तर आपल्या मालकीच्याही नसतात. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाईल कंपनीकडे गेला. अमेरिकेत ६०० चा पट्टा वायरलेस माइकवाल्यांना २०२० मध्ये सोडावा लागला, आणि तिथले निरुपयोगी झालेले सेट स्वस्तात विकायला निघाले. कुणी तुम्हाला परदेशातून आणलेला वायरलेस निम्म्या भावात देऊ केला, तर किमतीच्या आधी फ्रिक्वेन्सी विचारा. आणि जे काही घ्याल त्याचा ऑल रिस्क विमा उतरवा, होडीवरचं शूटिंग त्यात धरलंय का ते वाचून. घराचा विमा धंद्याच्या सामानाला चालत नाही. मिठागरासारख्या त्या हवेत कनेक्टर हिरवे पडले तर तो विमासुद्धा काही देणार नाही. झीज आणि गंज त्यात बसत नाहीत.

आता वसुली. पहिलं काम म्हणजे उद्यम नोंदणी. ती फुकट आहे, ऑनलाइन होते, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद झाली की पुढच्या बिलांना एमएसएमई कायदा लागू होतो: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. शिवाय २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून असं थकवलेलं बिल, पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय निर्मात्याला खर्चात दाखवता येत नाही. त्याच्या सीएला हे माहीत असतं, आणि मार्च जवळ आला की तोच तुमच्या वतीने फोन करतो. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. नोंदणीच्या आधीच्या बिलांसाठी मात्र यावर विसंबू नका.

त्या जुन्या २.१ लाखांसाठी प्राप्तिकराच्या साइटवर जाऊन फॉर्म २६ एएस उघडा. वेब सिरीजच्या कंपनीने तुमच्या नावे टीडीएस भरलेला दिसला, तर तुमचं बिल त्यांनी आपल्या खात्यात धरलेलं आहे. मग “बिलच मिळालं नाही” हे उत्तर चालत नाही. तो कागद, कॉल शीट (त्या-त्या दिवशीच्या शूटिंगचं वेळापत्रक) आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जोडून वकिलाकडून नोटीस पाठवा. दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, अकरा महिने गेलेत. पुढचं काम जाईल अशी भीती तुम्ही लिहिलीत. कुठलं पुढचं काम? जो फोन उचलत नाही त्याचं? आणि साउंडच्या फायली अडवून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या रोज संध्याकाळी डीआयटीकडे, म्हणजे सेटवरच्या फायली सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाकडे, जातातच, आणि अडवल्यात तर चूक तुमच्या गळ्यात येईल.

यापुढे एका पानाचा करार केल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. त्यात दिवस, दर, किट कुणाचं, भाडं कुणी द्यायचं, ३० टक्के आगाऊ आणि बाकीची तारीख एवढं असलं तरी पुरे.

वर्षभर हे करून बघा. पुढच्या मार्चअखेर शंभरातले नव्वद हातात येत असतील, तर स्वतःचं किट खरंच फायद्याचं ठरतं. त्या वसुलीने भाड्याच्या वाटेने सात लाख आणि स्वतःच्या किटने आठ लाखांच्या वर राहतात. तेव्हा नवं कोटेशन घेऊन लिहा, जीएसटी वेगळा दाखवलेलं. कर्ज ५ लाखांच्या वर जाऊ देणार नाही, हे आताच सांगून ठेवते. उरलेले पैसे तुमच्या खात्यातून यायला हवेत, आईच्या नाही.