गाण्याचे क्लास आणि स्पर्धांचं परीक्षण, यावर घर चालतं का?

तुमचा प्रश्न असा की शास्त्रीय गाण्याची विशारद परीक्षा झालीय, आयटीतल्या नोकरीला वैतागलाय, तर नोकरी सोडून गाण्याचा क्लास काढायचा आणि जोडीला स्पर्धांना परीक्षक म्हणून जायचं, यात भागतं का. मी डोंबिवलीत बावीस वर्षं शिकवतेय आणि पंधराएक वर्षं परीक्षणाला जातेय, त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगते. क्लासवर भागतं, परीक्षणावर अजिबात नाही, आणि दोन्ही करण्याच्या नादात तुमचा स्वतःचा रियाज कधी सुटला ते तुम्हालाच कळत नाही.

आधी परीक्षणाचंच बोलू कारण लोकांना त्याचं फार अप्रूप असतं. शाल, नारळ, पाकीट. पाकिटात कधी हजार, कधी दोन हजार, एकदा तर नुसतं आभाराचं पत्र निघालं आणि मी रिक्षाचे पैसे पदरचे घालून घरी आले. शाली इतक्या साठल्यात की एकीची तानपुऱ्याला गवसणी शिवून घेतली.

आणि काम काय असतं ते बघा. गेल्या वर्षीची एक शालेय स्पर्धा, ४१ मुलं, प्रत्येकाला सहा मिनिटं, सकाळी नऊला बसलेलो ते दिवेलागणीला उठलो. निम्म्यांचा राग यमन नाहीतर भूप. पंधरावा यमन ऐकेपर्यंत कान असे बधिर होतात की मुलाचा तीव्र मध्यम, म्हणजे यमनातला चढा म, खरंच उतरलाय की आपणच दमलोय हे समजेना. त्यात तबला काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावलेला आणि मुलगी आली काळी पाचला गायला, मग तबलजी हातोडी घेऊन ठोकतोय, आयोजक घड्याळाकडे बघतायत, आणि ती पोर स्टेजवर ओढणीचं टोक पिळत उभी. एक मुलगा झकास तयारीने गायला, पण ताना सगळ्या पाठ, बाईंनी रेकॉर्ड करून दिलेल्या असणार, कारण श्वाससुद्धा मोठ्या बाईमाणसासारखा ठरलेल्या जागी घेत होता! त्याच्यानंतर एक मुलगी भीमपलास गायली, आवाज जरा बसलेला, अंतऱ्याची दुसरी ओळ विसरली, पण घाबरली नाही, शब्दांऐवजी नुसत्या आकारात तालाची दोन आवर्तनं काढली आणि बरोब्बर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवात, धरला. ते कोणी शिकवलेलं नव्हतं हो, ते तिचं तिला सुचलं होतं. मी लय-तालाच्या रकान्यात पैकीच्या पैकी दिले. बाकी दोघा परीक्षकांनी ओळ विसरली म्हणून कापले, बेरजेत ती चौथी आली, पाठांतरवाला पहिला. रकाने असे असतात की सुचण्याला मार्क द्यायला जागाच नसते, त्याचं काय करायचं मला अजून कळलेलं नाही.

शिवाय आपलाच विद्यार्थी स्पर्धेत असला तर? मी त्या गटाच्या वेळी उठून जाते, पण सगळे उठतातच असं नाही, आणि गाव लहान असलं की प्रत्येक मूल कोणा ना कोणा परीक्षकाचंच असतं. निकालानंतर जिन्यात गाठून "मॅडम, आमचा कुठे कमी पडला?" विचारणाऱ्या आया वेगळ्याच. त्यांच्यासाठी मी कागदाच्या कडेला प्रत्येकाबद्दल एक ओळ लिहून ठेवते, तेवढं तरी त्यांना हातात मिळावं.

मग जायचं कशाला? क्लाससाठी. परीक्षक म्हणून नाव छापून आलं की पुढच्या महिन्यात चार-पाच चौकशा येतात, खरी कमाई ती.

क्लासचं गणित मात्र समजून घ्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांवर आपल्या बऱ्याचशा क्लासचा संसार उभा आहे, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा असं विशारदपर्यंत चढत जायचं. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून सातवी-आठवीत गर्दी होते आणि दहावीचा फॉर्म भरून झाला की निम्मी बॅच गायब. त्यावर सगळ्यांनी काढलेला उपाय म्हणजे परदेशातली मुलं. माझ्या दोन बॅच कॅलिफोर्नियातल्या मराठी मुलांच्या, त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट उलटून जाते ती वेळ. फी चांगली, मुलं गोड, पण जी वेळ माझी खर्जाची, खालच्या सुरांच्या रियाजाची, होती त्या वेळी मी आता लॅपटॉपसमोर "आवाज येतोय का?" करत बसते. रियाज विकला जातो म्हणतात ना, तो असा.

हे आजचं दुखणं नाही म्हणा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, राजेरजवाड्यांच्या आश्रयाशिवाय लोकांच्या पैशावर. पुढे मुंबईत मोठी इमारत बांधली आणि कर्जापायी ती लिलावात गेली. एवढ्या माणसाची ही गत. १९३१ साली ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी हे परीक्षांचं मंडळ स्थापन केलं, ज्याच्या जिवावर आज तुम्ही-आम्ही विशारद लावून फिरतोय.

कॉलेजची नोकरी हा पर्याय आहे, एमए आणि नेट ही पात्रता परीक्षा लागते, आकाशवाणी ऑडिशन घेऊन कलाकारांना ग्रेड देते, त्यातला ए ग्रेड असेल तर त्याही वाटेने जाता येतं. पण कायम जागा निघतात कधी? माझ्या ओळखीतले बहुतेक तासिका तत्त्वावर आहेत आणि सुट्टीत मानधन बंद.

म्हणून नोकरी लगेच सोडू नका असं माझं मत. वसंतराव देशपांड्यांनी कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्सच्या ऑफिसात काढली, त्याने गाणं काही अडलं नाही. आधी शनिवार-रविवारची एक बॅच लावा, मे महिन्यात आणि दहावीच्या वर्षात किती मुलं टिकतात ते दोन वर्षं मोजा, आकाशवाणीची ऑडिशन द्या, एच्या खालचा बी हाय ग्रेड मिळाला तरी क्लासच्या पाटीवर लिहायला होतो.

परीक्षक कसं व्हायचं विचारलंत, तर त्याला अर्ज वगैरे नसतो. आदल्या रात्री साडेनऊला फोन येतो, कोणीतरी नाव असलेलं माणूस आयत्या वेळी आजारी पडलेलं असतं आणि साथीच्या तबलजीने तुमचं नाव सुचवलेलं असतं. म्हणून तबलजींशी नीट वागा. आणि पेन घरून न्या, तिथे तिघांत एकच असतं.