क्षितिजचं स्पेलिंग: के-एस-एच की एक्स?

ताई, तुमचा प्रश्न असा की मुलाचं नाव क्षितिज ठरलंय, सासरचे म्हणतात सरळ के-एस-एच ने लिहा आणि मिस्टरांना एक्स ने सुरू होणारं स्टायलिश स्पेलिंग हवंय. माझं मत स्पष्ट आहे, सासरच्यांचं ऐका. दुसरीकडे एक्स कदाचित चालून जाईल पण आपल्या गोव्यात नाही, कारण इथे पोर्तुगीजांपासून एक्स म्हणजे श, रोमी म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत आजही तसंच लिहितात, म्हणजे म्हापशाच्या शाळेत बाई हजेरी घेताना "शितिज" म्हणणार आणि पोरगं रोज दुरुस्त करत बसणार. आधीच आपल्याकडे आजोबांच्या जुन्या पोर्तुगीज कागदावर कामतचं कामोतीं असतं, ते जुळवताना घरच्यांचे किती हाल होतात बघितलंच असेल, त्यात नवीन भर कशाला.

आणि घाईत फॉर्म भरू नका हां. जन्माची नोंद नावाशिवाय करता येते, मग 12 महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, नंतर लेट फी पडते. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे त्यावरचं एकेक अक्षर नीट वाचूनच सही करा, आणि आधारला पण अगदी तेच स्पेलिंग द्या. मिस्टरांना एक्स एवढाच आवडत असेल तर घरात लाडाने लिहू देत की, केकवर लिहा, पाळण्यावर लिहा, फक्त दाखल्यावर नको.