मुतखडा झाला म्हणून दूध बंद करायचे का?

प्रश्न : वय ३८, दर्यापूर तालुक्यात शेती. उजव्या कुशीतून जांघेपर्यंत कळ आली, सोनोग्राफीत मूत्रनलिकेत ६ मि.मी.चा खडा निघाला. गावात कोणी म्हणते दूध-दही सोड, कोणी टमाटर सोड, कोणी बिअर पी म्हणते. आमच्या बोअरचे पाणी खारे आहे. काय करावे?

उत्तर : दूध-दही सोडू नका. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, म्हणून कॅल्शियमच नको असे लोकांना वाटते. होते मात्र उलटे. दूध-दह्यातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला (पालकासारख्या भाज्यांतून पोटात जाणाऱ्या घटकाला) धरते आणि ते शौचावाटे निघून जाते. कॅल्शियम कमी पडले की मोकळे ऑक्झलेट रक्तातून मूत्रपिंडात पोचते. म्हणून वाटीभर दही किंवा ताक जेवणासोबतच घ्या. ताकात मीठ नको.

खरे पथ्य मिठाचे आहे. मिठातले सोडियम पोटात जास्त गेले की लघवीतून कॅल्शियमही जास्त बाहेर पडते. दिवसभराचे सगळे मिळून मीठ ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. ठेचा, लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ यांतच ते संपून जाते. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यातूनही सोडियम जाते. शिवाय चवीमुळे माणूस पाणी कमी पितो, आणि हे नुकसान मोठे आहे. पिण्यापुरते तरी नळयोजनेचे किंवा गोड विहिरीचे पाणी भरा.

किती प्यावे, हे लघवीवरून ठरवा. २४ तासांत अडीच लिटर लघवी व्हायला हवी. एक दिवस लिटरच्या बाटलीने मोजून पाहा. वावरात घाम गाळताना त्यासाठी चार लिटर पाणीही अपुरे पडू शकते. रंग गडद पिवळा दिसला की कमी पडले समजा. झोपण्यापूर्वी एक ग्लास प्याच, कारण रात्री लघवी घट्ट होते. रोज दोन लिंबांचा रस पाण्यात घ्या, साखर-मीठ न घालता. त्यातले सायट्रेट खडा जमू देत नाही. संत्र्यातही ते असते.

टमाटर खुशाल खा, त्यात ऑक्झलेट कमीच असते. जपायचे ते पालक, चुका, बीट आणि मूठ-मूठ तीळ-शेंगदाणे. पालक करायचाच तर उकळून पाणी फेका. मटण-चिकन रोज नको, त्याने युरिक ॲसिड वाढते आणि सायट्रेट घटते. बिअर औषध नाही. लघवी वाढते, पण नंतर शरीर कोरडे पडते.

६ मि.मी.चा खडा आपोआप पडण्याची शक्यता साधारण निम्मी, त्याला चार-सहा आठवडेही लागतात. तोवर डॉक्टरांकडे तपासणी चालू ठेवा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने दुखण्याच्या गोळ्या घेत राहू नका, त्या मूत्रपिंडालाच बाधतात. लघवी कापडातून गाळा. खडा सापडला तर तपासायला द्या, कारण तो युरिक ॲसिडचा निघाला तर पथ्य आणि औषध दोन्ही बदलतात.

थंडी वाजून ताप, लघवी बंद, किंवा उलट्यांमुळे पाणीही टिकत नसेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. अडलेल्या लघवीत जंतू वाढले तर जिवावर बेतते.

प्रश्न : कुळथाच्या कढणाने खडा विरघळतो का?

उत्तर : कॅल्शियमचा खडा कोणत्याही कढणाने विरघळत नाही. बिनमिठाचे पातळ कढण प्यायला हरकत नाही, पोटात पाणी जाते तेवढेच. त्याच्या भरवशावर उपचार मात्र लांबवू नका.