पहिल्यांदाच एल्कच्या शिकारीला जाताना आउटफिटर घ्यावा की आपलं आपण जावं?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत राहता, आजवर फक्त रेंजवर रायफल चालवली आहे, कोलोरॅडोत एल्कला, म्हणजे तिकडच्या भल्यामोठ्या हरणाच्या शिकारीला, जायचंय आणि ओळखीतले सगळे सांगतायत की आउटफिटर, म्हणजे पैसे घेऊन शिकारीची सोय करून देणारा, घेणं म्हणजे पैसे पाण्यात. त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलोय. हेच वाक्य २०१६ साली मी माझ्या चुलतभावाकडून ऐकलं आणि खरं मानलं.

दादा डेन्व्हरचा. तिथला रहिवासी असल्यामुळे त्याचा टॅग, म्हणजे एक जनावर मारण्याचा परवाना, माझ्या टॅगच्या दहाव्या हिश्शातही बसत होता. मी डॅलसहून सोळा-सतरा तास गाडी हाकत गेलो. दुसरा रायफल सीझन, म्हणजे ऑक्टोबरचा शेवट, कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स डोंगरांचा भाग, दहा हजार फुटांच्या आसपास उंची. त्या वर्षी बर्फाचा पत्ता नव्हता, दुपारी शर्टावर फिरत होतो. चार दिवस काहीच दिसलं नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी एका घळीत, अॅस्पेनच्या कडेला, एकटा नर उभा दिसला. एका शिंगाला चार फाटे आहेत की नाहीत हे मी दुर्बिणीतून तीनदा मोजलं, कारण तिथे बहुतेक युनिटांत, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांत, एका शिंगाला चार फाटे किंवा कपाळाजवळचा फाटा निदान पाच इंचांचा असल्याशिवाय नर मारता येत नाही. गोळी नीट लागली. तो साठ पावलंही गेला नाही.

जवळ गेल्यावर कळलं की आपण काय करून बसलोय. नर एल्क सहज सातशे पौंडांचा असतो. आम्ही दोघं, सूर्य मावळलेला, गाडी तीन मैलांवर आणि मध्ये उभी चढण. पोट साफ केलं, आतडी काढली. मी म्हटलं, कातडं आत्ताच सोलूया. दादा म्हणाला, "रात्री गारठा पडतोय, सकाळी बघू. काही होत नाही." मी गप्प बसलो. तो मोठा, त्याचं राज्य, त्याला अनुभव.

सकाळी आलो तर गवतावर आणि त्याच्या केसांवर दव गोठून पांढरं झालं होतं. मला बरं वाटलं. मग जमिनीकडच्या बाजूच्या मागच्या पायाखाली हात घातला, तर आत ऊब होती. बाहेर बर्फासारखं गार आणि आत, खुब्याच्या सांध्यापाशी, झाकण ठेवलेल्या भाताच्या पातेल्यासारखी ऊब. फरा कापत हाडापर्यंत गेलो तसा वास आला. सांध्याभोवतीचं मटण करडं-हिरवट पडलं होतं. एल्कचं कातडं आणि त्यावरचे हिवाळी केस म्हणजे रजई आहे. बाहेर कितीही गारठा पडू दे, जाड मांडीतली उष्णता रात्रभर बाहेर पडत नाही. तो अख्खा फरा गेला, पुठ्ठ्याचाही भाग गेला. उरलेलं हाडावरून सोडवून पाठीवर वाहायला आम्हाला दोन दिवस लागले, खेपेला पन्नास-साठ पौंड. दुसऱ्या दिवशी दादाचा गुडघा सुजला होता.

मी कराडकडचा. गावच्या यात्रेला बकरं पडलं की मुलाणीचाचा ते लगेच टांगून सोलायला घ्यायचे, पोरांना बाजूला व्हायलासुद्धा वेळ नसायचा. लहानपणापासून हे बघितलेलं असून मी त्या रात्री तंबूत झोपलो. ज्या जनावराचा जीव घेतला त्याचं मटण सडू दिलं, हे आजही मला सहन होत नाही.

२०१८ ला मी पैसे साठवून ड्रॉप कॅम्प घेतला. यात आउटफिटर तुम्हाला आणि सामानाला घोड्या-खेचरांवरून आत नेऊन सोडतो. तंबू, शेगडी, लाकडं तयार असतात. शिकार तुमची तुम्ही करायची, गाइड सोबत नसतो. जनावर पडलं की निरोप द्यायचा, खेचरं येतात. मला मादी मिळाली. पॅकर, म्हणजे खेचरं घेऊन येणारे, साठीच्या पुढचे गृहस्थ होते. त्यांनी पोट न फाडता आधी वरच्या बाजूचं कातडं उतरवलं, दोन्ही पाय सोडवले, मांडीत हाडापर्यंत चीर दिली आणि म्हणाले, आता मांडी श्वास घेईल. मग दुसऱ्या बाजूला वळवून तसंच केलं. पातळ कापडी पिशव्यांत भरून सगळं सावलीत टांगलं. दुसऱ्या दिवशी दोन खेचरांवर एका खेपेत सगळं खाली आलं. एक घास वाया गेला नाही.

दादा अजून म्हणतो, भाड्याच्या खेचरांवर आणलेली शिकार ती कसली शिकार. दरवर्षी गणपतीत जेवताना हा विषय निघतो आणि दरवर्षी मी त्याला तो फरा आठवून देतो. घरापासून चार तासांवर डोंगर असलेल्या माणसाने बाहेरून येणाऱ्याला "जमतं रे" सांगू नये. त्याला चार मित्र बोलावता येतात, घरी फ्रीजर आहे. तुमच्याकडे आठवड्याची रजा आणि परतीचं विमान आहे.

तर माझं मत: पहिल्या वेळी ड्रॉप कॅम्प. पूर्ण गाइडेड नको. ती सहज सहा-सात हजार डॉलरच्या पुढे जाते आणि माणूस दुसऱ्याच्या पाठीमागे चालत राहतो, वारा कुठून येतो हेही शिकत नाही. अगदी एकटंच जायचं असेल तर जाण्याआधी त्या भागातल्या आउटफिटरला फोन करून फक्त मटण बाहेर काढण्याचा दर विचारून ठेवा, आणि ते येऊ शकतील त्याच भागात शिकार करा. कोलोरॅडोत आउटफिटरची राज्याकडे नोंदणी लागते आणि नॅशनल फॉरेस्टात धंदा करायला वेगळा परवाना लागतो. दोन्हींचे नंबर मागा. आढेवेढे घेतले तर फोन ठेवा. त्या जागी त्याच सीझनमध्ये तुमच्या आधी कोणाचा कॅम्प होता, हेही विचारा.

राहिलेलं आता सांगतो, खरं तर आधी सांगायला हवं होतं. वायोमिंगला जायचं ठरलं तर तिथल्या फेडरल वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या राखीव रानात, बाहेरच्या राज्यातल्या माणसाला गाइड किंवा तिथला रहिवासी सोबत लागतोच, तिथे हा प्रश्नच उरत नाही. धनुष्यबाणाचा विचार असेल तर कोलोरॅडोच्या बहुतेक भागात बाहेरच्यांना दुकानातून थेट मिळणारा आर्चरी टॅग २०२५ पासून बंद झालाय, आता ड्रॉमध्ये, म्हणजे सोडतीत, अर्ज करावा लागतो, मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. हंटर एज्युकेशनचं कार्ड नसेल तर आजच कोर्स करा. आणि तुम्ही एच-वन-बी वर असाल तर बंदूक हातात घेण्याआधी वकिलाशी बोला. वैध शिकार परवाना असणाऱ्यांना कायद्यात सूट आहे, पण ती कागदावर नीट समजून घ्या. दोन दिवस आधी पोचा, नाहीतर उंचीवर डोकं धरून तंबूत पडाल.

आउटफिटर घेतला म्हणजे एल्क मिळेलच असं नाही. माझ्याच शेजारच्या कॅम्पवरचे तिघं त्या वर्षी रिकाम्या हाताने परतले. कोणत्या युनिटचा टॅग घेताय ते इथे लिहा, तिथे खेचरं कुठपर्यंत जातात हे मला माहीत असलं तर सांगेन.