चेंडू हातात नसताना

मागच्या अंकात ज्युनियर फूटीबद्दल, म्हणजे मुलांच्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली चार इथे घेते. अकरा वर्षं मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका ज्युनियर क्लबात टीम मॅनेजर आहे. माझा मुलगा याच वाटेनं काही अंतर चालला आणि मधेच त्याचं नाव यादीतून निघालं. म्हणजे जे लिहिते ते मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिलेलं आहे.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, ऑस्किकपासून (लहानग्यांच्या फूटीच्या पहिल्या वर्गांपासून) फूटी खेळतो. जन्म नोव्हेंबरचा, अंगानं बारीक. यंदा एका निवड चाचणीत त्याला घेतलं नाही. तिथेच एका गृहस्थांनी सांगितलं, की त्यांच्या खासगी अकॅडमीत घातलं तर एएफएल (फूटीची सर्वांत वरची राष्ट्रीय लीग) क्लबांचे स्काउट मुलाला थेट बघतात. फी बरीच आहे. घालावं का? की आता उशीरच झाला?
— एक आई, टार्नीट

उशीर अजिबात झालेला नाही. आणि स्काउट दिसतील या आशेनं पैसे भरणार असाल तर भरू नका.

आपल्या व्हिक्टोरिया राज्यातली वाट अशी आहे. मूल गावातल्या, उपनगरातल्या क्लबात खेळतं. तिथून प्रत्येक भागाचा एक टॅलेंट लीगचा संघ मुलं निवडतो. तुमच्या पश्चिमेला वेस्टर्न जेट्स, वायव्येला कॅल्डर कॅनन्स, पूर्वेकडे ओकली चार्जर्स आणि ईस्टर्न रेंजेस, असे. तिथे सोळा वर्षांखालचे, मग अठरा वर्षांखालचे संघ. त्यातले सर्वांत चांगले राज्यातर्फे राष्ट्रीय अठरा वर्षांखालच्या स्पर्धेत खेळतात, आणि नोव्हेंबरमध्ये ड्राफ्ट, म्हणजे एएफएल क्लब क्रमानं एकेक नवा खेळाडू निवडतात. एएफएलच्या अठराही क्लबांचे रिक्रूटर, म्हणजे खेळाडू हेरणारे, या सामन्यांना स्वतः येऊन बसतात, शिवाय पूर्ण सामन्यांचं चित्रीकरण बघतात. त्यांना मुलं दाखवायला मधल्या माणसाची गरज पडत नाही. किक सुधारावी, पळणं सुधारावं म्हणून कोणी चांगला शिकवणारा भेटला तर जरूर पाठवा, पण मग पैसे शिकवण्याचे द्या, ओळखीचे देऊ नका.

हे मी पैसे घालवून शिकले. मुलगा चौदाचा असताना सुट्टीतल्या एका शिबिराला आम्ही चौदाशे डॉलर भरले होते. त्यात त्याच्या खेळाचा तीन मिनिटांचा ‘हायलाइट्स’ व्हिडिओ होता, मागे संगीत वगैरे. तो आम्ही दोन ठिकाणी पाठवला. एका रिक्रूटरनं सभ्यपणे उत्तर दिलं, की उत्तम झेल आणि गोल प्रत्येक मुलाचे असतात, मला पूर्ण सामना पाठवा. पूर्ण सामना आमच्याकडे नव्हताच. आम्ही फक्त चांगलं तेवढं कापून ठेवलं होतं.

आता नोव्हेंबरच्या जन्माबद्दल, कारण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट तीच आहे. इथे वयोगट कॅलेंडर वर्षावर ठरतात. तुमच्या मुलाच्या शेजारी उभा असलेला जानेवारीचा मुलगा त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठा आहे. तेराव्या वर्षी दहा महिने म्हणजे खांदे, आवाज, उंची, सगळंच. चाचणीत दोघं एकाच चेंडूवर गेले तर कोण आपटणार हे सांगायला कोच लागत नाही. पुढे हाच फरक ड्राफ्टपर्यंत जातो, कारण त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला अठरा पूर्ण असणं एवढीच अट असते. एकाच ड्राफ्टमध्ये एक मुलगा जवळजवळ एकोणीसचा आणि दुसरा जेमतेम अठराचा. चांगले रिक्रूटर जन्मतारीख बघूनच मुलाचं माप घेतात. चाचण्या घेणाऱ्या सगळ्यांनाच त्याचं भान असतं असं नाही, आणि याचा मला अजूनही राग येतो. दरवर्षी दोन-तीन बारीक पोरं तेराव्या-चौदाव्या वर्षी खेळ सोडून जातात. दोन वर्षांनी बसस्टॉपवर भेटतात तेव्हा माझ्यापेक्षा डोक्यानं उंच असतात.

रिक्रूटर बघतो तरी काय? एका रविवारचं सांगते. सोळा वर्षांखालचा सामना होता, भुरभुर पाऊस. गोल अंपायरची पाळी माझ्यावर आली होती. पांढरा कोट, दोन हातांत दोन झेंडे. गोलपोस्टच्या मागे एक माणूस वही घेऊन उभा. आमचा उंच फॉरवर्ड रंगात होता, पहिल्या दोन क्वार्टरमध्ये तीन गोल मारले. मी झेंडे हलवताना डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते, वही मिटलेलीच. मग एका बारक्या पोराच्या हातून सोपा मार्क (किकचा झेल) सुटला. ओला शेरिन चेंडू छातीवर आपटून पुढे गेला, समोरच्या खेळाडूनं तो उचलला आणि पळत सुटला. आमचा पोरगा घसरून पडला होता. तो चिखलातून उठला, कोणाकडे बघितलं नाही, हात झटकले नाहीत, सरळ मागे लागला. मधल्या चौकोनापर्यंत पाठलाग केला आणि झेप घेऊन त्या मुलाची कंबर धरली. किक वाकडी गेली. तेव्हा वही उघडली.

मध्यंतरात मी त्या माणसाला धीर करून विचारलंच. तो म्हणाला, की गोल त्याला घरबसल्या स्कोअरशीटवर दिसतात. चूक झाल्यावर पहिल्या तीन सेकंदांत मुलगा काय करतो, आणि चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो चालतो की जागा धरतो, एवढं बघायला तो ऐंशी किलोमीटर गाडी चालवत आला होता.

तुमच्या मुलाला ही चार नावं सांगा. जेम्स हर्डला १९९० च्या ड्राफ्टमध्ये एसेंडननं ७९ व्या क्रमांकावर घेतलं. १९९६ मध्ये तो ब्राउनलो पदकाचा, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पदकाचा मानकरी होता, मायकेल व्हॉसच्या जोडीनं. लॅकी नील २०११ मध्ये ५८ व्या क्रमांकावर गेला, उंची एकशे सत्याहत्तर सेंटिमीटर, आणि आज त्याच्याकडे दोन ब्राउनलो आहेत. टॉम स्ट्युअर्ट तेवीस वर्षांचा होईपर्यंत जिलाँग भागातल्या स्थानिक क्लबात खेळत होता, २०१६ मध्ये जिलाँगनं त्याला उचललं. आणि मार्लियन पिकेटला रिचमंडनं २०१९ च्या मोसमाच्या मध्यावर होणाऱ्या ड्राफ्टमध्ये घेतलं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्याचा पहिला एएफएल सामना म्हणजे त्याच वर्षीची ग्रँड फायनल, आणि ती ते जिंकले. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर त्यानं पहिला गोल मारला तेव्हा सगळे खेळाडू धावत जाऊन त्याला बिलगले होते. ते दृश्य तुमच्या मुलासोबत बसून एकदा बघा.

पुढच्या मोसमात त्याला मित्र आहेत त्याच क्लबात राहू द्या. घरी डाव्या पायानं रोज पन्नास किक.

आम्ही दोघंही भारतात जन्मलेले, मुलगा इथला. क्लबांच्या अकॅडमीत आपल्या मुलांसाठी वेगळी सोय आहे असं ऐकलं. तिथे नंबर लागला म्हणजे त्या क्लबात जागा पक्की का?
— एक बाबा, ग्लेन वेव्हर्ली

सोय आहे, जागा पक्की नाही.

तिला नेक्स्ट जनरेशन अकॅडमी म्हणतात, २०१६ पासून सुरू आहे. आदिवासी आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या कुटुंबांतली, तसंच आशिया-आफ्रिकेतून आलेल्या आईबापांची मुलं फूटीकडे यावीत यासाठी एएफएलनं क्लबांना भाग नेमून दिले. आपली बरीच मुलं त्या व्याख्येत बसतात. सिडनी, ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनी या उत्तरेकडच्या चार क्लबांच्या अकॅडम्या निराळ्या, त्या त्यांच्या भागातल्या सगळ्याच मुलांसाठी आहेत.

अकॅडमीतल्या मुलालाही ड्राफ्टमध्ये नाव द्यावंच लागतं. तिथे दुसऱ्या एखाद्या क्लबानं त्याच्यावर बोली लावली, तर त्याचा मूळ क्लब ती बोली जुळवून त्याला ठेवू शकतो. प्रत्येक निवड क्रमांकाला गुण ठरलेले असतात आणि ते गुण मोजून मूळ क्लबाला किंमत चुकवावी लागते. २०२० मध्ये अॅडलेडनं पहिल्याच क्रमांकाला जमारा उगल-हेगनवर बोली लावली, वेस्टर्न बुलडॉग्सनं ती जुळवली आणि तो त्यांच्याकडे गेला. त्यावर बाकीच्या क्लबांनी बरीच कुरकुर केली. मग वरच्या क्रमांकांची बोली जुळवायला बंदी आली, पुढे ती पुन्हा उठली. हा नियम वरचेवर बदलतो, म्हणून तुमचा मुलगा ज्या वर्षी अठराचा होईल त्या वर्षीचा नियम अकॅडमीच्या माणसांनाच विचारा, मैदानावरच्या गप्पांवर विसंबू नका. आणि बोलीच लागली नाही, क्लबालाही नको असेल, तर अकॅडमीतली पाच वर्षं हा फक्त चांगला सराव ठरतो. तोही काही कमी नाही.

बापाच्या क्लबात मुलगा जातो तो नियम वेगळा: वडील त्या क्लबाकडून शंभर सामने खेळलेले हवेत. पीटर डायकोसचा मुलगा निक २०२१ मध्ये कॉलिंगवुडला मिळाला तो असा. आपल्या घरांत ते दिवस यायला अजून एक पिढी जाईल. मला ती बघायची फार इच्छा आहे.

मावशी, मी सतरा वर्षांचा आहे, बारावीत. टॅलेंट लीगच्या यादीत आहे. आईबाबा म्हणतात फूटी आता बंद, परीक्षा झाल्यावर बघू. पण मोसम नंतर राहतच नाही. त्यांना कसं समजावू?
— जिलाँगहून

बाळा, तुझे आईबाबा कशाला घाबरतात ते आधी त्यांना विचार. मला वाटतं ते मार्कांइतकेच तुझ्या मन मोडण्याला घाबरत असतील. मीही घाबरले होते.

समजावण्यापेक्षा त्यांच्यापुढे आठवडा मांड. सराव किती संध्याकाळी, सामना केव्हा, प्रवासाला किती वेळ, अभ्यास कोणत्या तासांत. कागदावर लिहून दे आणि चार आठवडे तो पाळून दाखव. क्लबांचे लोक मुलाखतीत अभ्यासाबद्दल हमखास विचारतात. शाळेचं वर्ष अर्ध्यावर टाकणारा मुलगा त्यांनाही भरवशाचा वाटत नाही. निवड झालीच तर पहिला करार थोड्याच वर्षांचा असतो, त्यामुळे बारावीचं प्रमाणपत्र लागणारच. विद्यापीठाची जागा पुढच्या वर्षावर ढकलता येते, ते आत्ताच चौकशी करून ठेव. एखाद्या एजंटचा फोन आला तर एकट्यानं काही कबूल करू नकोस. तो खेळाडूंच्या संघटनेचा मान्यताप्राप्त आहे का, हे बाबांना तपासायला सांग.

आणखी एक गोष्ट घरात आधीच बोलून ठेवा. ड्राफ्टमध्ये क्लब तुला निवडतो, तू क्लबाला नाही. जिलाँगचा मुलगा नोव्हेंबरात पर्थचा होऊ शकतो आणि काही दिवसांत सामान बांधून निघतो. आईला हे टीव्हीसमोर बसल्यावर पहिल्यांदा कळू नये.

माझ्या मुलाला सोळाव्या वर्षी यादीतून वगळलं तेव्हा कोचचा फोन चार मिनिटांचा होता. मी स्वयंपाकघरात भांडी घासायचं सोडून उभी होते. रडेल, फोन आपटेल असं वाटलं. त्यानं विचारलं, “मी कशावर काम करू?” पलीकडून जे सांगितलं ते विजेच्या बिलाच्या मागे लिहून घेतलं: डावा पाय, आणि जमिनीवरच्या चेंडूला गुडघे वाकव. तो कागद दोन वर्षं फ्रिजवर होता. पुढच्या वर्षीही त्याला घेतलं नाही. आता तो बावीसचा आहे, शनिवारी स्थानिक क्लबाच्या सीनियर संघात खेळतो आणि बुधवारी बारा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो. दोन्ही पायांनी किक मारतो. परीक्षा तू देच, आणि मोसमही खेळ. वगळलं तर कारण विचार आणि लिहून घे.

माझी नात दहा वर्षांची, मुलांच्या संघात खेळते. मुलींना पुढे काही आहे का? आणि डोक्याला मार लागला तर, या भीतीनं मी मैदानावर जातच नाही.
— एक आजी, पॉइंट कुक

आजी, पुढे पुष्कळ आहे. मुलींची एएफएलडब्ल्यू २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२२ पासून अठराही क्लबांचे संघ तिच्यात आहेत. टॅलेंट लीगमध्ये मुलींचे संघ आहेत, त्यांचाही ड्राफ्ट होतो. आत्ता ती मुलांबरोबर खेळते ते चांगलंच आहे, थोडी मोठी झाली की मुलींच्या संघात जाईल.

भीती मात्र खोटी नाही, म्हणून नियम तुम्हालाच सांगते. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही. कन्कशन (मेंदूला हादरा) आहे असं ठरलं तर पुढचा सामना किमान एकवीस दिवसांनी, तोही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. कधी कधी मूलच म्हणतं, मी बरी आहे, पाठवा मला. आईबापांचं लक्ष स्कोअरकडे असतं. अशा वेळी तिच्या शेजारी बसून “आज नाही” म्हणणारं कोणीतरी बाकावर हवं असतं. या रविवारी जाड शाल घेऊन जा, सकाळी नऊला ओव्हलवर वारा फार असतो.